‘बाय’ की ‘अंटिल’, ‘टू’ की ‘ॲट’? इंग्रजी प्रिपोझिशन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून आता नोकरीत, परीक्षेत किंवा भाषांतराच्या कामात रोज इंग्रजीत लिहावं-बोलावं लागणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, फरक कानाला लवकर कळतो.

प्रिपोझिशन चुकलं तरी समोरच्याला कळतंच. मग एवढा बाऊ कशाला?

कारण चुका दोन जातीच्या असतात. ‘लेट अस डिस्कस अबाउट द बजेट’ म्हटलं तर जाणकाराच्या कानाला खटकतं, ‘अबाउट’ तिथे नको असतं, पण अर्थ पोहोचतो आणि काम होतं. दुसरी जात वेगळी. ‘द पोलीस सर्च्ड हिम’ म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली. तो त्यांच्या पुढ्यात उभा आहे आणि त्याचे खिसे तपासले जाताहेत. ‘द पोलीस सर्च्ड फॉर हिम’ म्हणजे पोलीस त्याच्या शोधात होते, तो अजून हाती लागलेला नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख आहेत. कॉम्प्युटर त्यांच्याखाली लाल रेघ मारणार नाही, वाचणाऱ्याला शंका येणार नाही, आणि चुकीची गोष्ट खरी धरून तो पुढे जाईल.

अशी आणखी उदाहरणं घ्या. ‘शी लेफ्ट नागपूर’ म्हणजे तिने नागपूर सोडलं आणि ‘शी लेफ्ट फॉर नागपूर’ म्हणजे ती नागपूरला निघाली. ‘दे शॉट द टायगर’मध्ये वाघाला गोळी लागली आहे, ‘दे शॉट ॲट द टायगर’मध्ये ती त्याच्या दिशेने झाडली एवढंच कळतं. क्रिकेटमध्ये ‘ही बोल्ड टू द कॅप्टन’ म्हणजे कर्णधाराला चेंडू टाकला. त्यातला ‘टू’ काढला की कर्णधाराचा त्रिफळा उडाला.

शाळेत आपला जीव पहिल्या जातीच्या चुका काढण्यात जातो. रिकाम्या जागा भरा, मार्क मिळवा. मला हा क्रम उलटा वाटतो. खटकणाऱ्या चुका वाचन वाढलं की हळूहळू आपोआप कमी होतात. अर्थ फिरवणाऱ्या जोड्या मात्र कोणी दाखवून दिल्याशिवाय दिसतच नाहीत. म्हणून इथे बहुतेक त्याच घेतल्या आहेत.

एवढासा शब्द एवढा अर्थ कसा फिरवतो? मराठीत असं होतं का?

होतं की. ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य’ ही व्याख्या आपण नागरिकशास्त्रात पाठ केली. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अब्राहम लिंकन गेटिसबर्गला बोलले तेव्हा त्यांच्या वाक्यात तीन वेळा तेच ‘द पीपल’ होतं, बदलली ती फक्त ‘ऑफ’, ‘बाय’ आणि ‘फॉर’. आपण तेच काम ‘चे’, ‘नी’ आणि ‘साठी’वर सोपवलं.

फरक जागेचा आहे. आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतात, इंग्रजीत हे शब्द नामाच्या पुढे सुटे उभे असतात. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. साधारण अकराव्या शतकानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत ते झिजून गेले आणि त्यांचं ओझं शब्दांच्या क्रमावर आणि या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. त्यामुळे एकेका शब्दाच्या वाट्याला पाच-दहा कामं आली.

काही शब्दांनी तर जुना अर्थ सोडलाच नाही. ‘विथ’चा जुन्या इंग्रजीतला मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. तो ‘विथस्टँड’मध्ये आणि ‘फाइट विथ’मध्ये टिकून आहे. म्हणून ‘दे फॉट विथ द ब्रिटिश’ हे वाक्य १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांशी लढलेल्या मराठ्यांनाही लागू पडतं आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या हिंदी सैनिकांनाही. इतिहासावर लिहिणाऱ्याने इथे सरळ ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ लिहावं, ‘विथ’वर विसंबू नये.

‘वर’ म्हणजे ऑन, ‘त’ म्हणजे इन, असा तक्ता पाठ करून का चालत नाही?

कारण मराठीचा एक प्रत्यय जिथे दोन गोष्टी पोटात घेतो, तिथे इंग्रजी त्या वेगळ्या करते.

‘झाडावर’ बघा. आंबाही झाडावर आणि पोपटही झाडावर. इंग्रजीत आंबा ‘ऑन द ट्री’ असतो, कारण तो फांदीला लागलेला आहे. पोपट ‘इन द ट्री’, कारण तो पानांच्या गर्दीत बसलेला आहे. ‘पाहुणे टेबलावर बसलेत, पानं घ्या’ हे आपल्या घरात कोणालाही विचित्र वाटत नाही. तेच ‘द गेस्ट्स आर सिटिंग ऑन द टेबल’ झालं की पाहुणे ताटांच्या जागी बसतात. तिथे ‘ॲट द टेबल’ हवं.

‘वाटेत’ तर फारच फसवा. उशीर झालेला माणूस फोनवर ‘वाटेत आहे’ म्हणतो, तेव्हा ते ‘ऑन द वे’. दारात उभ्या राहिलेल्या पोराला आई ‘वाटेत उभा राहू नकोस’ म्हणते, ते ‘इन द वे’, म्हणजे आड येणं. ‘आय ॲम इन द वे’ असा मेसेज साहेबांना पाठवला तर त्याचा अर्थ ‘मी आड येतोय’ असा निघतो.

आणि ‘समोर’. ‘बँकेसमोर थांब’ म्हटल्यावर बँकेच्या दारात थांबायचं की रस्त्याच्या पलीकडे, हे मराठीत बोलणाऱ्याच्या हातवाऱ्यावरून कळतं. इंग्रजीत बँकेच्या दाराशी असेल तर ‘इन फ्रंट ऑफ द बँक’ आणि रस्ता ओलांडून पलीकडे असेल तर ‘ऑपोझिट द बँक’. कुरिअरचा पत्ता लिहिताना हा फरक पाळला की पार्सल आणणाऱ्याचा एक फोन वाचतो.

‘पर्यंत’साठी ‘बाय’ वापरायचा की ‘अंटिल’?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण आपला ‘पर्यंत’ दोन्ही कामं मुकाट्याने करतो. ‘अर्ज ३० तारखेपर्यंत भरा’ आणि ‘खोली ३० तारखेपर्यंत वापरा’ ही दोन्ही वाक्यं मराठीत सारखीच दिसतात. इंग्रजीत पहिलं ‘बाय’ने होतं आणि दुसरं ‘अंटिल’ने.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘अर्ज ३० तारखेच्या आत भरा’ हे नीट बसतं, म्हणून ‘बाय’. ‘खोली ३० तारखेच्या आत वापरा’ बसत नाही, कारण वापरणं त्या तारखेपर्यंत चालूच राहायचं आहे, म्हणून ‘अंटिल’. भरणं, पाठवणं, पोहोचणं, संपवणं या एकदाच घडून जाणाऱ्या गोष्टी ‘बाय’कडे जातात. राहणं, थांबणं, वाट बघणं, चालू ठेवणं या लांबत जाणाऱ्या गोष्टी ‘अंटिल’कडे.

ऑफिसच्या पत्रात हे उलटसुलट झालं तर काय होतं ते बघा. ‘वर्क ऑन द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर वाचणारा शुक्रवारपर्यंत त्या अहवालावर काम करत राहील, मग तो पूर्ण होवो न होवो. तुम्हाला शुक्रवारी तयार अहवाल हवा असेल तर ‘फिनिश द रिपोर्ट बाय फ्रायडे’ लिहा.

नकार आला की आणखी जपावं लागतं. ‘द ऑफिस विल नॉट ओपन अंटिल मंडे’ या वाक्यात सोमवारी ऑफिस उघडणार आहे, आधी नाही. ‘द रोड विल नॉट बी रेडी बाय मंडे’मध्ये सोमवारी रस्ता तयार नसणार हे पक्कं. मराठीत दोन्हीकडे ‘सोमवारपर्यंत नाही’ असंच येतं.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा का?

रोजच्या व्यवहारात हो. शुक्रवार नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. पैशाचा किंवा कोर्टाचा मामला असेल तर ‘ऑन ऑर बिफोर’ लिहून तारीख आणि वेळ दोन्ही घाला.

‘तासाभरात फोन करतो’ हे ‘इन ॲन आवर’ होईल ना?

‘आय विल कॉल यू इन ॲन आवर’ याचा रूढ अर्थ आहे ‘तासाभराने फोन करतो’. तासाच्या आत कधीही, असं म्हणायचं असेल तर ‘विदिन ॲन आवर’. मुलाखतीला बोलावणाऱ्याने ‘इन’ म्हटलं असेल तर लगेच फोन हातात धरून बसू नका.

‘गेल्या पाच वर्षांपासून’ आणि ‘दोन दिवसांपूर्वी’ यांचं काय?

‘पासून’ दिसला की हात ‘सिन्स’कडे जातो आणि ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तयार होतं. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो, म्हणजे ‘सिन्स २०२०’. किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘दोन दिवसांपूर्वी’ हे ‘बिफोर टू डेज’ नाही, ‘टू डेज अगो’. या खटकणाऱ्या जातीतल्या चुका आहेत, अर्थ पोहोचतो.

‘ती माझ्यावर ओरडली’ याचं इंग्रजी ‘शाउटेड ऑन मी’, ‘टू मी’ की ‘ॲट मी’?

‘ॲट मी’. ‘ॲट’मध्ये नेम धरण्याचा भाव आहे. तो ज्याच्या आधी येतो तो माणूस निशाण्यावर असतो. ‘टू’मध्ये ती गोष्ट समोरच्यापर्यंत पोहोचावी अशी इच्छा असते. रस्त्याच्या पलीकडून कोणी तुम्हाला ‘छत्री विसरलास’ असं ओरडून सांगितलं तर ‘शी शाउटेड टू मी’. छत्री हरवली म्हणून खडसावलं तर ‘शी शाउटेड ॲट मी’.

आपली अडचण अशी की मराठीत ‘आई मला ओरडली’ असंही म्हणतात आणि त्याचा अर्थ रागावली असाच होतो. त्या ‘मला’वरून ‘टू मी’ येतो, ‘माझ्यावर’वरून ‘ऑन मी’ येतो, आणि बरोबर असलेला ‘ॲट’ कुठूनच सुचत नाही.

हीच जोडी ‘थ्रो’बरोबर आहे. ‘थ्रो द बॉल टू हिम’मध्ये त्याने झेलावा म्हणून फेकायचं असतं, ‘थ्रो द बॉल ॲट हिम’मध्ये त्याला लागावा म्हणून. हसण्यातही तसंच. ‘दे लाफ्ड विथ हर’मध्ये तीही हसते आहे, ‘दे लाफ्ड ॲट हर’मध्ये तिला हसताहेत. तक्रार किंवा जबाब इंग्रजीत नोंदवायची वेळ आली तर या एका शब्दावर समोरच्याचा हेतू ठरतो.

‘ने’ला ‘बाय’ लावलं की झालं ना?

नाही. आपला तृतीयेचा ‘ने’ करणाऱ्यालाही लागतो आणि हत्यारालाही: पोराने मारलं, दगडाने मारलं. इंग्रजीत ‘बाय’ सहसा करणाऱ्याचा, ‘विथ’ हातातल्या वस्तूचा. ‘ही वॉज हिट विथ अ स्टोन’ म्हटलं की दगड हातात घेणारा कोणीतरी आहे, मारणं जाणूनबुजून आहे. ‘ही वॉज हिट बाय अ स्टोन’ म्हटलं तर घाटात दरडीवरून सुटलेला दगडही असू शकतो. बातमीदाराने एक शब्द बदलला की अपघाताचा हल्ला होतो.

प्रवासातला ‘ने’ निराळा. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’ ठीक आहे, पण ‘माझ्या गाडीने’ हे ‘इन माय कार’.

‘वाढ’ आणि ‘घट’ यांच्या बातम्यांत ‘बाय’ आणि ‘टू’ कसे ओळखायचे?

इथे मराठी तुमच्या मदतीला आहे, तिच्यावर भरवसा ठेवा. ‘ने’ किंवा ‘नी’ म्हणजे ‘बाय’, आणि ‘वर’ म्हणजे ‘टू’. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला. इंग्रजीत ही कपात ‘बाय २५ बेसिस पॉइंट्स’ होती आणि दर उतरला ‘टू ६.२५ पर्सेंट’. २५ बेसिस पॉइंट्स म्हणजे पाव टक्का.

पगाराच्या पत्रातही हेच बघा. ‘युअर अलाउन्स इज इन्क्रीझ्ड बाय १०,०००’ असेल तर आहे त्यात दहा हजारांची भर. ‘टू १०,०००’ असेल तर एकूण दहा हजार. आधी ९,००० मिळत असतील तर वाढ फक्त हजाराची आहे.

कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते म्हणतात, ती कशी?

‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ उलट्या दिशांना जातात. ‘हेवी रेन रिझल्टेड इन फ्लड्स’ म्हणजे पावसाने पूर आला. ‘द फ्लड्स रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन’ हीच गोष्ट पुराच्या बाजूने. ‘इन’च्या पुढे परिणाम, ‘फ्रॉम’च्या पुढे कारण. विज्ञानाच्या पेपरात इथे चूक झाली तर सगळं स्पष्टीकरण डोक्यावर उभं राहतं.

‘सब्स्टिट्यूट’चंही तसंच. ‘सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर’ म्हणजे साखर काढा, गूळ घाला. ‘रिप्लेस जॅगरी विथ शुगर’ म्हणजे गूळ काढा, साखर घाला. मधुमेह असलेल्यासाठी पाककृती लिहिताना नेमकं काय काढायचं ते सरळ दोन वाक्यांत लिहा.

‘बिटवीन’ दोघांत आणि ‘अमंग’ दोनपेक्षा जास्त असतील तर, हा नियम खरा का?

अर्धा खरा. तीन देश एकमेकांशी करार करतात तेव्हाही ‘अ ट्रीटी बिटवीन थ्री कंट्रीज’ हेच बरोबर, कारण प्रत्येक देश वेगळा मोजला जातो. ‘अमंग’ घोळक्यासाठी.

कायद्याच्या आणि कराराच्या कागदात काय बघायचं?

‘इन पझेशन ऑफ’ आणि ‘इन द पझेशन ऑफ’ यांच्यात एक ‘द’ मध्ये येतो आणि मालमत्ता व माणूस जागा बदलतात. ‘द टेनंट इज इन पझेशन ऑफ द हाउस’ म्हणजे भाडेकरूकडे घराचा ताबा आहे. ‘द हाउस इज इन द पझेशन ऑफ द टेनंट’ म्हणजे घर भाडेकरूच्या ताब्यात आहे. पहिल्यात ताबा घेणारा आधी येतो, दुसऱ्यात ताब्यातली वस्तू. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ याच वळणाचे.

दिवस मोजताना ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ यांच्यासाठी भारतात चक्क कायदा आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ९ नुसार केंद्रीय कायद्यात ‘फ्रॉम’ वापरलं की मोजणीतला पहिला दिवस वगळला जातो आणि ‘टू’ वापरलं की शेवटचा दिवस धरला जातो. हे केंद्रीय कायद्यांच्या भाषेसाठी आहे. खासगी करारात ‘बोथ डेज इन्क्लूझिव्ह’ असं लिहून टाकलं की पुढचा वाद टळतो. अपिलाची किंवा दंडाची मुदत एका दिवसाने हुकू शकते, म्हणून मला हे कलम प्रत्येक भाषांतरकाराला माहीत असावंसं वाटतं.

‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’ यांतले शब्द प्रिपोझिशनच का?

काही आहेत, काही नाहीत. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ घ्या. पहिल्यात तो टेकडी चढत धावला, ‘अप’ टेकडीशी बांधलेला आहे. दुसऱ्यात त्याने उधारी चढवली, ‘अप’ क्रियापदाशी बांधलेला आहे. नामाऐवजी ‘इट’ घालून बघा. ‘रॅन अप इट’ टेकडीला चालतं, बिलाला ‘रॅन इट अप’ असंच म्हणावं लागतं. ‘इट’ मध्ये शिरू शकला तर तो छोटा शब्द क्रियापदाचा भाग आहे, आणि ती जोडी एकच शब्द समजून शिकावी.

‘पास आउट’ची गंमत आपल्याला माहीत हवी. भारतात ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलो. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये पासिंग आउट परेड होते, तिथे हा शब्द लष्करी परंपरेतला आणि अगदी बरोबर आहे. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य बोलाल तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी ‘शुद्ध हरपली’ हा अर्थ येतो. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत हे शब्द वेगळे आहेत का?

थोडे. ब्रिटनमध्ये ‘ॲट द वीकेंड’, अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’. अमेरिकन ‘मंडे थ्रू फ्रायडे’मध्ये शुक्रवार नक्की धरलेला असतो. काही अमेरिकन ‘अ क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणतात, ते पावणेपाच. मीटिंगची वेळ ठरवताना सव्वापाच समजू नका. क्रिकेटच्या धावफलकातही फरक आहे: आपण आणि इंग्लंड ‘१५० फॉर ३’ म्हणतो, ऑस्ट्रेलियात ‘३ फॉर १५०’.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर चूक का?

नाही. ‘हू आर यू टॉकिंग टू?’ हे चांगलं, जिवंत इंग्रजी आहे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांवर आक्षेप घेतला. पुढे लॅटिनचा आदर्श मानणाऱ्यांनी त्याचा नियम केला. लॅटिनमध्ये तशी रचना होत नाही, इंग्रजीत ती मुळापासून आहे.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

सुटा शब्द पाठ करू नका, क्रियापदासकट घ्या. वहीत ‘डिपेंड’ लिहायचं नाही, ‘डिपेंड ऑन’ लिहायचं. ‘सर्च’ आणि ‘सर्च फॉर’ शेजारी शेजारी लिहून प्रत्येकापुढे एक मराठी वाक्य लिहायचं: झडती घेतली, शोध घेतला. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापदाबरोबर येणारं प्रिपोझिशन ठळक छापलेलं असतं, अर्थाच्या आधी तिकडे नजर टाका.

महत्त्वाचं पत्र पाठवण्यापूर्वी आपलंच इंग्रजी वाक्य कोणाला तरी मराठीत सांगायला लावा. त्याच्या मराठीत ‘पर्यंत’, ‘ने’, ‘समोर’, ‘वर’ यांपैकी काही आलं, तर त्या जागी एकदा थांबून त्याला नक्की काय समजलं ते विचारा.

‘इंटू’ एकत्र लिहायचं की ‘इन टू’ वेगळं?

आत शिरणं किंवा रूपांतर होणं असेल तर एकत्र: ‘शी वॉक्ड इंटू द रूम’. ‘इन’ क्रियापदाचा असेल तर वेगळं. ‘ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस’ म्हणजे तो स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला. दोन्ही शब्द जोडले, तर तो स्वतः पोलीस बनला असा अर्थ होईल.